झाडाला छप्पर नसतं

वाचनालयाच्या नव्या इमारतीच्या कामाची पहिली बैठक संपत आली होती. किती कपाटं, किती टेबलं, एका वेळी किती माणसं बसणार, सगळं लिहून झालं होतं. उठता उठता ग्रंथपालबाई म्हणाल्या, "एवढंच बघा, मोठ्या दालनात बसलं की झाडाखाली वाचत बसल्यासारखं वाटलं पाहिजे." मी वहीच्या कोपऱ्यात 'झाड' असं लिहिलं आणि भोवती गोल केला.

दोन दिवसांत माझं चित्र तयार होतं. 16 मीटर बाय 16 मीटरचं दालन, उंची 6 मीटर, आत चार खांब. प्रत्येक खांब वर जाऊन फांद्यांमध्ये फुटतो, फांद्या डहाळ्यांमध्ये फुटतात आणि 8 मीटर बाय 8 मीटरचं छप्पर पेलतात. एका झाडाला 4 फांद्या, 16 डहाळ्या. फांद्यांची वळणं मी खऱ्या झाडांचे फोटो समोर ठेवून काढली होती. हे चित्र मी जीव ओतून काढलं होतं, आणि आपल्याला हवं ते सापडलं अशी माझी खात्री होती.

आमच्या स्ट्रक्चरच्या कामांना एक ज्येष्ठ इंजिनिअर असतात. मी त्यांना सर म्हणते, ते मला अगं-तुगं करतात. चित्र बराच वेळ बघून ते म्हणाले, "दिसायला फार छान आहे. पण झाड हे वळण कशासाठी घेतं गं?" मला सांगता येईना. त्यांनी माझ्या टेबलावरची प्लास्टिकची पट्टी उचलली, दोन्ही टोकांना बोटं लावून दाबली. पट्टी लगेच धनुष्यासारखी वाकली. "ही सरळ होती, तरी वाकली. तू तर फांदी आधीच वाकवून दिली आहेस आणि तिच्या डोक्यावर छप्पर ठेवते आहेस. हे पेलायला तुझ्या डहाळ्या बुंध्याएवढ्या जाड कराव्या लागतील."

ते गेल्यावर मी चित्र गुंडाळून ठेवलं आणि पुढचे काही आठवडे झाडाचं काम समजून घेण्यात घालवले. झाडाचा आकार मला पाठ होता, त्याचं काम मात्र मी कधी विचारलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका कापलेल्या फांदीने. छाटणीनंतर पडलेली, मनगटाएवढी जाड, आडवी वाढलेली फांदी मी उचलून आणली आणि तिचा छेद घासून गुळगुळीत केला. गाभा मधोमध नव्हता. एका बाजूला वाढीची वलयं दाट, चिकटून बसलेली, दुसऱ्या बाजूला चांगली रुंद. रुंद पानांच्या झाडांमध्ये आडवी फांदी सहसा वरच्या बाजूने जास्त लाकूड घालते, आणि ते लाकूड फांदीला वरून खेचून धरतं. सूचिपर्णी झाडं हेच काम उलट करतात. ती खालच्या बाजूने लाकूड वाढवतात आणि फांदीला खालून रेटा देतात. दोन्हीकडे फांदी हा भिंतीतून बाहेर आलेल्या छज्जासारखा एका टोकाला घट्ट धरलेला भाग असतो. त्याचा जन्म जातो तो वाकण्याशी झगडण्यात.

बुंध्याचंही तसंच. बुंध्याला खरी भीती वाऱ्याची असते, पानांच्या वजनाची त्या मानाने थोडी. लाकडाचे तंतू ताण चांगला सोसतात, दाब त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून झाड बाहेरचा प्रत्येक नवा थर ताणलेल्या स्थितीत घडवतं. वारा नसतानाही बुंध्याची बाहेरची बाजू ताणात असते आणि आतला भाग दाबात. वाऱ्याने झाड वाकलं की आतल्या वळणाकडच्या तंतूंचा आधी हा ताण उतरतो, मगच त्यांच्यावर दाब यायला सुरुवात होते. कमकुवत बाजूला झाडाने आधीच सवलत देऊन ठेवलेली असते. आपण प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये पोलादी तारा ओढून हेच उलट्या बाजूने करतो, कारण काँक्रीट ताणात कमकुवत असतं. हे कळलं त्या रात्री मला खरोखर झोप लागली नाही.

पण त्याबरोबर माझं चित्र पार कोसळलं. झाड वाकतं, डुलतं, जोराच्या वाऱ्यात पानं गुंडाळून घेतं. स्टीव्हन व्होगेल या जीवशास्त्रज्ञाने वाऱ्याच्या बोगद्यात पानं ठेवून ती सुरळीसारखी कशी होतात हे दाखवलं आहे. माझ्या खांबाला यातलं काहीच करायचं नव्हतं. त्याला वरून येणारं वजन गोळा करून खाली जमिनीत पोचवायचं होतं. झाड ते काम करतच नाही. झाडाला छप्पर नसतं.

मग झाडासारखे दिसणारे खांब जगात उभे आहेत ते कुठून आले? ते शोधताना झाडांऐवजी लोंबत्या दोऱ्या सापडल्या. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1675 मध्ये लॅटिन अक्षरांचं कोडं करून एक गोष्ट छापली होती. तिचा अर्थ असा, की साखळी जशी लोंबते, तशीच उलटी केली तर ताठ कमान उभी राहते. लोंबत्या साखळीत फक्त ताण असतो, कारण साखळीला वाकण्याचा विरोध करताच येत नाही. ती उलटी केली की ताणाच्या जागी फक्त दाब येतो, बाक कुठेच नाही. अंतोनी गौदी या वास्तुकाराने स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी दोऱ्या आणि शिशाच्या छऱ्यांच्या छोट्या पिशव्या टांगून 1:10 मापाचं मॉडेल केलं, त्याचे फोटो काढले आणि ते उलटे करून इमारत पाहिली. त्यात साधारण दहा वर्षं गेली, आणि प्रत्यक्षात फक्त तळघराचा भाग बांधून झाला. पण तिथे शिकलेलं त्याने बार्सिलोनातल्या साग्रादा फामिलिया या मोठ्या चर्चच्या फांद्या फुटणाऱ्या खांबांत वापरलं. पुढे फ्राय ओटो या जर्मन वास्तुकाराने श्टुटगार्टला 1964 मध्ये हलक्या रचनांची संस्था सुरू केली आणि दोऱ्या, साबणाचे पडदे यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्याच शहराच्या विमानतळाच्या टर्मिनलमध्ये 1991 पासून पोलादी झाडं छप्पर पेलत उभी आहेत.

मी सरांना फोन केला आणि म्हटलं, "सर, मला दोरे टांगायचे आहेत." ते म्हणाले, "टांग. मी शनिवारी येतो."

एका झाडाचं मॉडेल 1:20 मापात करायचं ठरवलं. म्हणजे छप्पर 40 सेंटिमीटरचा चौकोन, त्यावर 10-10 सेंटिमीटर अंतरावर 16 भोकं. हे छप्पर खाली लोंबणार, तराजूच्या पारड्यासारखं. प्रत्येक भोकातून एक दोरा वर येणार, चार दोऱ्यांची एक गाठ, चार गाठींमधून निघालेल्या दोऱ्यांची वर एक गाठ, आणि तिथून एकच दोरा, म्हणजे बुंधा, वरच्या आडव्या दांड्याला बांधलेला. प्रत्येक भोकाजवळ सारख्या वजनाचा एक लोखंडी नट चिकटवला.

पहिल्यांदा छप्पर पुठ्ठ्याचं घेतलं. टांगलं आणि हात सोडला तर काही मिनिटांत पुठ्ठा मधोमध फुगला, कडा आत ओढल्या गेल्या. मी कच्चा पुठ्ठा म्हणून तो टाकायला निघाले होते. सरांनी थांबवलं. "फेकू नकोस. तो तुला काहीतरी सांगतो आहे." तिरके दोरे छपराला आत खेचत होते, म्हणून पुठ्ठ्यात दाब आला आणि तो फुगला. इमारत याच्या उलटी. तिथे तिरक्या डहाळ्या छपराला बाहेर ढकलणार, म्हणजे छपरात ताण येणार, आणि तो धरायला छपराच्या पातळीत चारी दिशांना पोलादी सळ्या हव्यात. माझ्या पहिल्या चित्रात अशी एकही सळई नव्हती. खऱ्या झाडातही नसते, कारण तिथे प्रत्येक फांदी आपापल्या ताकदीवर उभी असते. ज्या क्षणी मी फांद्यांवर छप्पर ठेवलं, त्या क्षणी फांद्यांना एकमेकींना धरून ठेवणं भाग पडलं.

छप्पर प्लायचं केलं. सुती दोरा ताणून लांब होत होता, म्हणून मासेमारीची तंगूस आणली. तरीही काहीतरी चुकत होतं. एकेक तंगूस बोटाने छेडून पाहिली तर बाहेरच्या डहाळ्या टण्ण वाजत होत्या आणि बुंध्याकडच्या मुक्या होत्या, सैल. चारही गाठींत तेच. मी गाठ चार डहाळ्यांच्या बरोबर मधोमध बांधली होती, छत्रीच्या काड्या सगळीकडे सारख्या पसराव्यात तशी. कागदावर ते नीटनेटकं दिसतं. पण फांदी त्या गाठीला तिरकी, बुंध्याकडे ओढते. तिला उत्तर द्यायला बाहेरची डहाळी सगळा भार घेते आणि आतली सुटी पडते.

मग गाठी सोडून सरकत्या केल्या. एकेक गाठ बुंध्याच्या दिशेने थोडी थोडी सरकवायची, चारही तंगूस छेडायच्या, ऐकायचं, पुन्हा सरकवायची. लांबी वेगळी म्हणून सूर वेगळा येतो, पण सैल कोणती आणि ताठ कोणती हे कान लगेच सांगतो. दुपारची संध्याकाळ झाली. साधारण साडेचार सेंटिमीटर सरकल्यावर सोळाही बोलू लागल्या. नंतर सरांनी कागदावर दाखवलं की हे व्हायचंच होतं. चौघींवर सारखं वजन हवं असेल तर गाठ बुंध्याच्या बेचक्यापासून त्या चार टोकांच्या मध्यबिंदूकडे जाणाऱ्या सरळ रेषेवरच बसली पाहिजे. गणित दोन ओळींचं होतं. पण ते मला बोटांनी आधी कळलं याचं मला फार मोल वाटतं. आजही नवीन मुलं कामाला आली की मी त्यांना संगणकाआधी दोरा देते.

मोबाइलवर फोटो काढला आणि फोन उलटा धरला. बाहेरच्या डहाळ्या लांब, पसरलेल्या, आतल्या आखूड आणि जवळजवळ उभ्या. एकही वळण नाही, सगळ्या सरळ काड्या. तरीही माझ्या पहिल्या चित्रापेक्षा ते कितीतरी जास्त झाड वाटत होतं. आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता तो फोटो बघत राहिलो.

मग सरांनी छपराच्या एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. सगळं मॉडेल कलंडलं, अर्धे दोरे ढिले पडले. "हे एकाच वजनासाठी बरोबर आहे," ते म्हणाले. "वारा एका बाजूने आला, भूकंप झाला, कोणी छपराच्या एका टोकाला सामान रचलं, की तुझे दोरे तुला काही सांगणार नाहीत." आणि इथे खरं झाड परत आलं. सगळ्या दिशांच्या वाऱ्याला एकाच शरीराने तोंड देणं, हे झाडाला येतं आणि दोऱ्याला येत नाही. ते कुठे येतं, तर बेचक्यात आणि बुंधा मुळांना मिळतो तिथे. तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो आणि चीर तिथून सुरू होते. झाड असा कोपरा ठेवत नाही. जिथे ताण जास्त तिथे लाकूड जास्त घालून तो कोपरा भरून काढतं.

जर्मनीतल्या कार्ल्सरूहचे संशोधक क्लाउस मॅटेक यांनी झाडांची ही भरणी मोजून ती काढायची एक सोपी रीत दिली आहे, आणि तिला गणित लागत नाही. काटकोनी कोपऱ्यात 45 अंशाचा त्रिकोण बसवायचा. त्याने कोपरा बुजतो, पण त्रिकोणाच्या वरच्या टोकाला नवा, बोथट कोपरा तयार होतो. म्हणून त्रिकोणाच्या तिरक्या बाजूच्या मध्यापासून दुसरा त्रिकोण, याचा कोन निम्मा, साडेबावीस अंश. मग तिसरा, त्याच्याही निम्म्याचा. शेवटी उरलेले कोपरे वळणाने पुसून टाकायचे. जे वळण उरतं ते वर्तुळाचा तुकडा नसतं. खाली झपकन वळतं आणि वर जाताना हळूहळू सरळ होत जातं. त्यानंतर मी कुठल्याही झाडाच्या बुंध्याशी गेले की हात त्या वळणावर जातो.

आमची वीस बेचकी, प्रत्येक झाडाला पाच, ओतीव पोलादाची करायचं ठरलं. साचे दोनच लागले, एक बुंध्याचा, एक फांदीचा. काड्या मात्र साध्या पोलादी पाइपच्या. दाबात असलेल्या काडीची लांबी निम्म्यावर आणली की वाकण्याविरुद्धची तिची ताकद चौपट होते, म्हणून लांब डहाळ्यांना थोडा जाड पाइप आणि आखूड डहाळ्यांना बारीक. बुंधा, फांदी, डहाळी यांची जाडी कमी होत जाते ती त्या हिशोबातून आली, नजरेला बरं वाटावं म्हणून कुठेही काही केलेलं नाही.

मधल्या काळात वाचनालयाच्या संस्थेतल्या एकांनी वारुळाचा विषय काढला. झिंबाब्वेतल्या हरारेची ईस्टगेट सेंटर ही इमारत, वास्तुकार मिक पियर्स यांनी 1996 मध्ये पूर्ण केलेली, वाळवीच्या वारुळावरून सुचली हे त्यांनी वाचलं होतं. तेव्हा समज असा होता की वारुळ धुराड्यासारखं काम करून घरटं थंड ठेवतं. नंतर टर्नर आणि सोअर या संशोधकांनी वारुळांचा अभ्यास करून दाखवलं की ते फुप्फुसासारखं आहे, मुख्य काम हवेची देवाणघेवाण. इमारत मात्र चांगली चालते, कारण तिच्या जड भिंती-लाद्या रात्रीच्या गार हवेने थंड होतात आणि दिवसभर तो गारवा देतात. आम्ही जड फरशी आणि रात्री उघडणाऱ्या वरच्या झडपा एवढं घेतलं. वारुळाचं नाव कुठे लावलं नाही.

खांब उभे राहिले, पण 'झाडाखाली' वाटेना. ग्रंथपालबाई परांच्यांखाली उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "झाडं छान झाली हो. सावली अजून आली नाही." झाडाखालची सावली म्हणजे कवडसे. मी छपराच्या काचेखाली लावायला प्लायमध्ये वीतभर लांबीची पानाच्या आकाराची भोकं कापून घेतली. जमिनीवर पानांच्या आकाराचे उजेडाचे तुकडे पडले, कडा पुसट झालेले. जाळीदार खिडकीखाली पडतात तसे. पुन्हा मी आकार उचलला होता.

खऱ्या झाडाखाली जाऊन बसले. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, पण खाली पडलेला प्रत्येक कवडसा गोल किंवा लंबगोल. कारण तो फटीचा आकार नसतोच, ती सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात झाडाखाली चंद्रकोरी पडतात त्या यामुळेच. सूर्य त्याच्या व्यासाच्या साधारण 107 पट दूर आहे, म्हणून 6 मीटर उंचीवरच्या बारीक भोकातून खाली येणारी प्रतिमा साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असणार. भोक त्याहून बरंच लहान असलं पाहिजे, नाहीतर भोकाचाच आकार उमटतो. मी 12 मिलिमीटरची भोकं पाडून घेतली. दुपारी सुंदर गोल कवडसे पडले, आणि थोड्या तासांत सगळे विझले. प्लाय 18 मिलिमीटर जाड होता. सूर्य माथ्यापासून 34 अंशांहून जास्त कलला की किरण भोकाच्या भिंतीवरच अडत होते. पान कागदासारखं पातळ असतं, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. एक मिलिमीटरचा पत्रा लावला आणि कवडसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत आले.

बाईंनी एका कवडशात पुस्तक उघडून धरलं आणि लगेच मिटलं. उजेड मोजणारा लक्समीटर तिथे तीन-चार हजार लक्स दाखवत होता, वाचायला 300 ते 500 पुरतात. त्यात कवडसा काही भोकाच्या खाली राहत नाही. सूर्य 45 अंशांवर असला की तो 6 मीटर पलीकडे पडतो. टेबलांच्या वर भोकं नकोत एवढ्याने भागणार नव्हतं. वर्षभराच्या सूर्याच्या जागा मांडून आम्ही पूर्व-पश्चिम एक रुंद पट्टा आखला. भोकं त्याच्या वर, आणि कवडसे दिवसभर त्याच पट्ट्यात फिरतात. तिथे येण्याजाण्याची वाट आणि मुलांची खाली बसायची जागा ठेवली. टेबलं पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, दुधी काचेच्या शांत उजेडात. वाचता वाचता मान वर केली की समोर कवडसे दिसतात, पानावर येत नाहीत.

वाचनालय सुरू होऊन आता बरेच दिवस झाले. मी अधूनमधून जाऊन एका टेबलाशी बसते. दुपारी कवडसा अडीच मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. मुलं त्यात पाऊल ठेवून तो कधी निसटतो ते बघत बसतात. एक गोष्ट मात्र अजून साधलेली नाही. झाडाखालचा उजेड थरथरतो, आमचा नुसता सरकतो. काचेखाली वारा नाही. सध्या माझ्या स्टुडिओत खिडकीजवळ हातभर पत्र्याचा एक तुकडा चार तंगुसांवर टांगलेला आहे. वजन किती आणि तंगूस किती लांब ठेवली म्हणजे खालून वर जाणाऱ्या गरम हवेने तो हलेल, ते रोज थोडं थोडं बदलून पाहते आहे.